वाचकांचे प्रश्न: चेनसॉ सेट करायला स्वस्तातलं आरपीएम मीटर कोणतं घ्यावं?

प्रश्न (वरुड तालुका): भाऊ, माह्याकडं ५८ सीसीची चेनसॉ आहे अन् ५२ सीसीचा ब्रश कटर. संत्र्याची जुनी झाडं काढायची आहेत, धुऱ्यावरच्या बाभळीही हायेत. मागच्या साली मशीन एकदम जोरात पळत होती म्हणून खूश होतो, तर पिस्टनच बसला. मिस्त्री म्हणे पेट्रोल कमी सेट केलं होतं. आता मीटर लावूनच सेट करीन म्हणतो. ऑनलाइन पाहिलं तर पाचशेपासून पाच हजारांच्या वरपर्यंत मीटर दिसतात. कोनतं घेऊ, सांगजा.

उत्तर: दादा, मशीन जोरात पळत होती तीच तर धोक्याची खूण होती. चेनसॉसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी केलं की रिकामी, म्हणजे लाकडात न घातलेली, मशीन जास्त पळते, आवाज बारीक आणि कडक होतो, माणसाला वाटतं काय मस्त सेट झाली. पण हिला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी, वरून उष्णता जास्त, आणि मग सायलेन्सर काढून पाहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात. आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते मोजणारं, घ्यायचं ते हे होऊ नये म्हणून. मीटरनं मशीनची ताकद वाढत नाही, ती हद्दीच्या पुढं तर पळत नाही ना एवढं ते सांगतं, आणि तेवढ्यासाठीच पैसे खर्च करा.

आता कोणतं घ्यायचं. बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते लेझरचं, पिवळं-काळं, हातात धरायचं, डीटी-२२३४सी म्हणून मिळतं. ते ९९,९९९ आरपीएमपर्यंत मोजतं आणि मोजतंही बरोबर, स्वस्त पण आहे, म्हणून लोक तेच उचलतात. पण चेनसॉला ते घेऊ नका. लेझरला फिरणाऱ्या भागावर चमकती पट्टी चिकटवावी लागते आणि चेनसॉमध्ये बाहेरून दिसणारा असा भागच नाही. फ्लायव्हील स्टार्टरच्या कव्हरखाली, क्लच साखळीच्या कव्हरखाली. कव्हर काढून चालू मशीनमध्ये डोकावायचा विचारही करू नका, हात जाईल. ब्रश कटरला पात्यावर पट्टी लावता येते, पण पात्याच्या डोक्यात गिअर असतात, पातं इंजिनपेक्षा हळू फिरतं, मग दिसणारा आकडा इंजिनचा नसतोच.

तुम्हाला पाहिजे प्लगच्या वायरवरून ठिणग्या मोजणारं मीटर. त्यात दोन जाती. एकात बारीक वायर असते ती प्लगच्या वायरला तीन-चार वेढे द्यायची. दुसरं नुसतं प्लगजवळ धरलं तरी मोजतं, सर्व्हिस सेंटरवाल्यांकडं असतं ते हेच आणि महाग पण हेच. घरच्या दोन-तीन मशीनला वायरवालं पुरतं. हजाराच्या आत-बाहेर मिळून जातं.

पण घेताना दोन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली, वरची मर्यादा. बरीच स्वस्त मीटरं जनरेटरसारख्या हळू मशीनसाठी बनवलेली असतात आणि ९,९९९ वर थांबतात. चेनसॉ रिकामी असताना मॉडेलप्रमाणं ११,००० ते १४,००० पर्यंत जाते, म्हणजे जिथं मोजायचं नेमकं तिथंच मीटर आंधळं. कमीत कमी १५,०००, जमलं तर २०,००० पर्यंतचं घ्या. दुसरी गोष्ट, आकडा किती वेळात बदलतो. नुसत्या तासमोजणीसाठी बनवलेल्या मीटरचा आकडा दोन-दोन सेकंद हलत नाही, आणि रिकामी मशीन फुल रेसवर आपल्याला चार-पाच सेकंदाच्या वर ठेवायची नसते, मग स्क्रू फिरवला त्याचा परिणाम कधी बघणार? अर्ध्या सेकंदाला आकडा बदलणारं शोधा, सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवायची सोय असली तर फारच चांगलं. सेल बदलता येतो का तेही विचारा, काही मीटरं सीलबंद असतात, सेल गेला की मीटर गेलं. बाकी पाण्यात चालतं, लाइट लागतो, डझनभर फंक्शन आहेत, त्याचे जास्त पैसे देऊ नका.

मीटर आलं की आधी सेटिंग तपासा. टू-स्ट्रोक सिंगल सिलिंडरला एका फेऱ्याला एक ठिणगी, तेच ठेवायचं. चेनसॉची स्लो, म्हणजे रेस न देता चालतानाचे आरपीएम, साधारण २,७०० ते ३,००० असते, तुमच्या मीटरवर चौदाशे किंवा साडेपाच हजार दिसत असेल आणि साखळी शांत उभी असेल तर मशीन बरोबर आहे, सेटिंग चुकलंय. आकडा उड्या मारत असेल तर वेढा एखादा कमी-जास्त करून बघा, आणि वायर सायलेन्सरला टेकू देऊ नका, वितळते.

सेट करायच्या आधी एअर फिल्टर धुवा, साखळीला धार द्या, मिक्श्चर ताजं घ्या. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली, तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच धरा. मशीन तीन-चार मिनिटं चालवून गरम करा, बार-साखळी लावलेली पाहिजे. मग कार्बोरेटरवरचा एल स्क्रू (कमी रेसच्या पेट्रोलचा) असा ठेवा की रेस दिली की मशीन न अडखळता उचलेल, एलए किंवा टी लिहिलेल्या स्क्रूनं स्लो बसवा, साखळी फिरता कामा नये. क्लच साधारण साडेतीन-चार हजाराला धरतो, म्हणून स्लो त्याच्या बरीच खाली पाहिजे. शेवटी एच स्क्रू, म्हणजे फुल रेसच्या पेट्रोलचा. फुल रेस देऊन आकडा बघा, रेस सोडा, स्क्रू एका फेऱ्याचा आठवा भाग फिरवा, परत बघा. आत म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवला की पेट्रोल कमी होतं आणि आकडा चढतो. पुस्तिकेत जास्तीत जास्त १२,५०० लिहिलं असेल तर १२,००० ला थांबा. ते राहिलेले पाचशे म्हणजे तुमच्या पिस्टनचा विमा आहे.

आणि एवढं झाल्यावर मीटर बाजूला ठेवून कानानं ऐका. रिकामी फुल रेसला आवाज थोडा फाटल्यासारखा, भरभर असा यायला पाहिजे आणि बार लाकडात घातला की तोच आवाज साफ व्हायला पाहिजे. लाकडातही भरभर राहिली तर पेट्रोल जास्त आहे, थोडं कमी करा. रिकामी असतानाच बारीक साफ ओरडली तर आकडा काहीही असो, स्क्रू उघडा.

एक गोम मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच नव्या मशीनच्या कॉइलमध्येच मर्यादा बसवलेली असते, तेवढे आरपीएम झाले की ती ठिणगी तोडते. तेव्हाही आवाज फाटकाच येतो, माणूस फसतो, त्याला वाटतं पेट्रोल भरपूर आहे आणि तो स्क्रू अजून आत घेत जातो. मीटरवर हे पकडता येतं, स्क्रू आत घेतला तरी आकडा तिथंच थरथरत राहतो. मग स्क्रू उघडत यायचं आणि आकडा स्वतःहून खाली उतरायला लागला की तिथून पुढं सेटिंग करायची. आणि रेस सोडल्यावर मशीन लवकर खाली येत नसेल, स्लो आपोआप चढत असेल, तर स्क्रूला हातच लावू नका, कुठून तरी हवा ओढतेय, इनटेकचं रबर किंवा क्रँकचं सील बघायला लावा. ब्रश कटरलाही हेच मीटर चालतं, फक्त पातं किंवा दोरी न लावता कधीच फुल रेस देऊ नका.

प्रश्न (दर्यापूर): घरी पेट्रोलचा फोर-स्ट्रोक जनरेटर आहे, मीटर लावलं तर सहा हजाराच्या वर दाखवतं. मशीन खराब का मीटर? आणि ओलिताचं जुनं डिझेल इंजिन आहे, त्याला हेच मीटर लागेल का?

उत्तर: दोन्ही चांगले आहेत ताई, सेटिंग चुकलं. तुम्ही फोर-स्ट्रोक म्हणून दोन फेऱ्यांना एक ठिणगी असं लावलं असणार, पुस्तकात तसंच शिकवतात. पण या लहान इंजिनांत फ्लायव्हीलवरचं लोहचुंबक दर फेऱ्याला कॉइलपुढून जातं आणि दर फेऱ्याला ठिणगी पाडतं, एक कामाची आणि एक धूर बाहेर जाताना वाया जाणारी. म्हणून इथंही एका फेऱ्याला एक ठिणगी हेच सेटिंग लावा, आकडा निम्मा होईल.

आणि तुमच्याकडं जनरेटर आहे म्हणजे मीटर तपासायची फुकट सोय आहे. आपली लाइट ५० हर्ट्झची, साध्या लहान जनरेटरला त्यासाठी ३,००० आरपीएम लागतात. हर्ट्झ दाखवणारं मल्टीमीटर असेल तर जनरेटरच्या सॉकेटला लावा, वायर आणि हात कोरडे ठेवून. ५० दिसलं तर आरपीएम मीटरवर ३,००० पाहिजे, ५१ ला ३,०६०. लोड नसताना थोडं वरच चालतं, त्याची चिंता नको. इन्व्हर्टर जनरेटरला हा हिशोब लागू नाही, त्याचं इंजिन लोडप्रमाणं हळू-जोरात होतं.

डिझेलला प्लगच नाही, मग ठिणगी मोजणारं मीटर तिथं काय मोजणार. तिथं मघाशी नको म्हटलेलं लेझरचंच मीटर कामाचं. फ्लायव्हीलवरचं ऑइल पुसून चमकती पट्टी एकच चिकटवा, दोन चिकटवल्या तर आकडा दुप्पट येतो. भर उन्हात लेझरला पट्टी नीट दिसत नाही, सावली करा. किर्लोस्करचं पाच एचपीचं एव्ही-१ असेल तर १,५०० आरपीएम, जुनं लिस्टर जातीचं असेल तर ६५० च्या आसपास, बाकी इंजिनच्या नेमप्लेटवर लिहिलेलं असतं ते धरा. मोजताना पट्ट्याच्या रेषेत उभं राहू नका आणि पदर, ओढणी खोचून घ्या.

प्रश्न (पुसद): मोबाइलवर आवाजावरून आरपीएम दाखवणारं ॲप फुकट मिळतं. मग मीटर कशाला घ्यायचं?

उत्तर: जनरेटरसारख्या एका सुरात चालणाऱ्या मशीनला ॲप बऱ्यापैकी जमतं. १२,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला २०० ठोके, ते मोबाइलच्या माइकला ऐकू येतात, तिथं अडचण नाही. अडचण अशी की बरोबर सेट केलेली चेनसॉ फुल रेसला एक सोडून एक पेटते, म्हणून आवाज फाटतो, आणि ॲपला तो अर्धा वाटतो. मग कधी बारा हजार, कधी सहा हजार. त्यात साखळीचा खडखडाट. ठिणगी मात्र दर फेऱ्याला पडतच असते, म्हणून वायरवालं मीटर तिथं फसत नाही. स्लो बघायला ॲप वापरा, एच स्क्रूसाठी नको.

प्रश्न (परतवाडा): आम्ही झाडं छाटायची कामं घेतो, कधी चिखलदऱ्याला, कधी खाली. मीटर लावून सेट केलेली मशीनही काही दिवसांनी बिघडल्यासारखी वाटते. मीटर खोटं बोलतं का?

उत्तर: मीटर खरंच बोलतं भाऊ, हवा बदलते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर, तिथली हवा विरळ. वर सेट केलेली मशीन खाली आणली की तिला हवा जास्त मिळते, पेट्रोल तेवढंच, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. उलट खालची सेट केलेली वर नेली तर ती जड चालेल, धूर करेल, पण पिस्टन वाचेल. म्हणून सेट खालीच करा.

तीच गोष्ट ऋतूची. मे महिन्यात ४५ डिग्रीला दुपारी सेट केलेली मशीन डिसेंबरच्या सकाळी दाट हवेत पेट्रोलला कमी पडते, आणि आपल्याकडं छाटणीचं काम तर हिवाळ्यातच जोरात असतं. त्यात पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या पेट्रोलवर केलेली सेटिंग त्यावर आपोआप कोरडी होते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. हे पेट्रोल पाणीही ओढतं, महिनाभर टाकीत पडलेलं मिक्श्चर ओतून द्या, नाहीतर मीटर काहीही दाखवो, कार्बोरेटरचा पडदा कडक होऊन मशीन ऐकणार नाही. तुमच्यासारखं रोज काम असेल तर नुसतं धरून मोजणारं थोडं महागाचं मीटर परवडेल, कारण तुम्हाला दर वेळी वेढे देत बसायला वेळ नाही. थंडी पडली की पहिल्या दिवशीच मशीन गरम करून आकडा बघा, मे महिन्यापेक्षा वर गेला असेल तर एच स्क्रू आठवा भाग उघडा आणि मगच झाडावर चढा.