वाडा खाली करायचाय, पण हातच लागत नाही

प्रश्न: ताई, सदाशिव पेठेतला आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय. दोन महिन्यांत आजेसासऱ्यांपासूनचं सामान हलवायचंय, पण माळ्याकडे बघितलं की धडधडतं आणि मी परत चहा टाकून बसते. काय करू?

उत्तर: अगं, ‘वाडा आवरायचा’ हे काम नाहीच, ती नुसती धमकी आहे! उद्या फक्त एक ट्रंक खाली काढून घे, उघडूसुद्धा नकोस. परवा उघड, मोबाइलवर २५ मिनिटांचा टायमर लाव आणि तो वाजला की मधेच असलीस तरी सरळ उठ, ही फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाची पोमोडोरो पद्धत, त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर होता आणि इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, म्हणून हे नाव. पितळी भांडी आधी घे, त्यात फार विचार लागत नाही. फोटो आणि पत्रं मात्र शेवटी, नाहीतर वाचत बसशील आणि संध्याकाळ होईल (माझी झालीये). मोडी कागद सापडले तर रद्दीत अजिबात नको, तुझ्याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, तिथे आधी दाखव. उरलेल्या भंगारासाठी जुना बाजार आहेच, बुधवारी आणि रविवारी. आणि चहा टाक की, पण टायमर वाजल्यावर!