‘घरी नाही’ लिहिण्याआधी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

नेत्रसंशोधनाच्या सर्वेक्षणात तुझी निवड झाली, फार बरं वाटलं. शिकून-सवरून खेड्यापाड्यांत वणवण कशाला, असं घरचे म्हणत असतील. म्हणू दे.

नागपूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये 2006 ते 2008 या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ झाला. तिशीच्या पुढची 5885 माणसं यादीत होती, तपासली गेली 4711. अशा कामात ही हजेरी चांगलीच म्हणायची. तरी कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी न आलेल्यांचा आकडा बघतो. धडधाकट माणूस येत नाही, कारण तो वावरात असतो. ज्याला काहीच दिसत नाही तोही येत नाही, कारण त्याला आणणारं कुणी नसतं. पहिला सुटला की अंधत्वाचं प्रमाण फुगतं, दुसरा सुटला की घटतं. दोन्हींची आपोआप फिटंफाट होते, या भ्रमात राहू नकोस.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात गेलीस तर दारांना कड्या दिसतील. दिवेलागणीला जा आणि वेळ ठरवून ये. तपासणी मात्र सकाळच्या उजेडात, माणसं वावरात निघायच्या आधी. सून म्हणेल, “बुढीले कायले तपासता, तिले तं काहीच दिसत नाही.” आपल्याला नेमकी तीच बुढी हवी असते. नजर तपासायचा तक्ता तिच्या अंगणात ने. सहा मीटर टेपनेच मोज, पावलांनी नाही. तक्त्यावरच्या चिन्हाचं तोंड कुठे आहे ते नातू मागून “वर आजी, वर” असं सांगत असतो, त्याला पाणी आणायला पाठव. बारीक छिद्राच्या चकतीतून नजर सुधारली तर बहुतेक चष्म्याचं काम असतं. नाही सुधारली तर मोतीबिंदू, बुबुळ, पडदा, सगळं नीट बघायचं.

आता व्याख्येचं. आपल्याकडे 2017 साली अंधत्वाची मर्यादा 6/60 वरून 3/60 वर आली, म्हणजे चांगल्या नजरेला साठ मीटरवरून दिसतं ते आधी सहा मीटरवरून, आता तीन मीटरवरूनही न दिसणारा तो अंध; आणि तीही चांगल्या डोळ्याची. त्यामुळे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, टोक लागून, बुरशीचा संसर्ग होऊन ज्याच्या बुबुळावर फूल पडलं, तो शेतकरी दुसरा डोळा शाबूत असल्यामुळे अंधांत मोजलाच जात नाही. त्यात अशा डोळ्यात डॉक्टरला न विचारता कुणी स्टेरॉइडचे थेंब टाकले असतील तर बुरशीला रानच मोकळं. म्हणून दोन्ही डोळ्यांची नोंद वेगवेगळी कर, इजा कशाने झाली आणि आधी कुठलं औषध घातलं तेही लिही.

काचबिंदू तर याहून लबाड. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूस चौकटीला खांदा घासून बाहेर पडतो, कारण बाजूची नजर आधी जाते. नजर 6/6 आली म्हणून त्याला सोडू नकोस, डोळ्याचा दाब आणि मागची नस बघूनच घरी पाठव.

पहिल्या गावाचं काम झालं की ये. टक्केवारी नंतर बघू. आधी ‘घरी नाही’ लिहिलेल्या घरांची यादी आण, आणि तिथे परत कधी जाणार आहेस ते सांग.

तुझा,
सर