चौथ्यांदा शिकवू नकोस

सातारा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पेशीचा धडा तीनदा शिकवलास, पोरांनी माना डोलावल्या, आणि घटक चाचणीत निम्मे पेपर कोरे. चौथ्यांदा शिकवू का, असं विचारतेस. नको शिकवूस.

यवतेश्वरच्या घाटातनं रोज कासला जाणाऱ्याला प्रत्येक वळण ओळखीचं असतं. पण त्यालाच घरी बसवून वळणं क्रमानं सांगायला लाव, चौथ्या-पाचव्याला अडेल. तुझ्या पोरांचं हेच झालंय. धडा ओळखीचा झालाय, आठवायची सवय मात्र लागलेली नाही.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं. एका गटानं चारही सत्रं उतारा वाचण्यात घालवली. दुसऱ्यानं एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं तो समोर न ठेवता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर घेतली तेव्हा त्यांना ४० टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. मी मात्र वर्षानुवर्षं पोरांना 'उत्तर दहा वेळा लिहून आण' सांगत आलो. ती वरची ओळ बघून खालची लिहायची. त्यात आठवायचं काही नव्हतंच, नुसते हात दुखले त्यांचे. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तास सुरू झाला की फळ्यावर तीन प्रश्न लिही: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. वह्या मिटलेल्या. गुण द्यायचे नाहीत, नाहीतर पोरं शेजारच्याच्या कागदात डोकावतात. पाच मिनिटांनी बरोबर उत्तरं तिथंच सांग. चुकीचं उत्तर घेऊन कुणी घरी जायला नको.

सुरुवातीला पोरं कुरकुरतील, तुलाही वाटेल की यांना काहीच येत नाही. मुख्याध्यापक पोर्शनचं विचारतील. त्यांना वरचे आकडे दाखव, पण तास सोडू नकोस. आठवताना होणारी ती ओढाताण म्हणजेच शिकणं चाललेलं असतं, हे पोरांनाही उघड सांग. त्यांना कळतं.

रविवारी पोवई नाक्याला उतरलीस तर घरी ये. ते कोरे पेपर घेऊन ये, कोण कुठं अडलंय ते एकेक करून बघू.

तुझा,
सर