मुलगा सीटा शिवतो, हे लोकांना कसं सांगू?

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला ५२ टक्के पडले. सुट्टीत तो कोल्हापुरात मामाच्या गाड्यांच्या कुशनच्या दुकानात बसायचा, आता तेच करीन म्हणतो. त्यात शिकण्यासारखं काय आहे? डोनेशन भरून इंजिनिअरिंगला घालावं का? मुलगा सीटा शिवतो, हे नातेवाइकांना कसं सांगू? उद्या सोयरीक कशी जमायची? – एक पालक

उत्तर : टक्क्यांची मला काळजी वाटली नाही, तुमच्या पत्राची वाटली. मुलाबद्दल त्यात जेमतेम दोन ओळी आहेत, बाकी सगळे नातेवाईक. त्याचा हात कसा चालतो, हे मामांना कधी विचारलंत? पोरगं अठराचं, आणि तुम्ही सोयरिकीपर्यंत पोचलात! शिवाय डोनेशन घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या पैशाचा विचार सोडा.

शिकायचंच असेल तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा आयटीआयला सुइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे.

'त्यात शिकण्यासारखं काय आहे?' असं तुम्ही लिहिलंय. सांगतो. रेक्झिनला सुईचं भोक पडलं की बुजत नाही. कापडासारखं उसवून पुन्हा शिवता येत नाही. टाका फार बारीक घातला तर शिवणीवरच ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. म्हणून जुनं कव्हर उसवून, तुकड्यांवर खुणा करून, त्यावरून फर्मा, म्हणजे कापण्याचा नमुना, काढायचा आणि मगच नव्या मालाला कात्री लावायची. गाडीच्या छताचं आतलं कापड लोंबतं ते बहुतेकदा मागचा फोम उन्हाने भुगा झाल्यामुळे. तो खरवडून न काढता वरून गोंद मारला, तर गाडी थोड्याच दिवसांत परत दारात. आणि हल्ली बऱ्याच गाड्यांत सीटच्या कडेलाच एअरबॅग असते. तिच्यावर साधं घट्ट कव्हर चढवलं तर धडकेच्या वेळी ती नीट उघडत नाही. हे ठाऊक नसलेला कारागीर गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळतो.

चिरंजीवांनाही एक सुनावतो. लगेच स्वतःचा बोर्ड लावू नकोस. हात बसला म्हणजे धंदा जमला असं नाही. मालाच्या किमतीइतका ॲडव्हान्स घेतल्याशिवाय रेक्झिन कापायचं नाही, कारण एका गाडीसाठी कापलेला माल दुसरीला बसत नाही. गाडी ताब्यात घेताना आतले फोटो काढायचे, नाहीतर आधीचा ओरखडाही तुझ्याच नावावर. दसरा-दिवाळीला दम खायला वेळ नसतो, पावसाळ्यात हात रिकामे. तेव्हा टू-व्हीलरच्या सीटा आणि रिक्षाचे हूड यांवर भागतं. हे सगळं आणि उधारी-वसुली मामांच्या गल्ल्याशेजारी बसून दोन वर्षं बघ. मग मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्जाचं बघता येईल.

आणि तुम्ही मामांशी एकदा स्पष्ट बोला : भाचा म्हणून फुकट राबवायचं नाही, पहिल्या महिन्यापासून पगार ठरवायचा.