सात पंचांपैकी हयात एकच

तालुका न्यायालयाच्या आवारातील मोफत विधी सल्ला केंद्रात मी समुपदेशक म्हणून बसते. बाजाराच्या दिवशी तेथे गर्दी असते, कारण खेड्यावरून येणाऱ्या माणसाची एसटीच्या एकाच फेरीत दोन्ही कामे होतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावचे 78 वर्षांचे आबाजी (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) सुनेला सोबत घेऊन आले, तेही अशाच एका दिवशी. खुर्चीवर टेकण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "बाई, ह्या वयात मले जेल होईन का जी?"

गावातील विठ्ठल-रुक्मिणी देवस्थानाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झाली तेव्हा कागदावर सात पंच, म्हणजे विश्वस्त, होते. त्यांपैकी सहा वारले, नवे कोणी नेमले गेले नाहीत आणि अशा न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाला काही कळवलेही गेले नाही. देवस्थानाची तीन एकर जमीन आहे; सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचे नाव आणि वहिवाटदार म्हणून आबाजींचे. त्यातील एक एकर विकून सभामंडप बांधावा असे काही मंडळींच्या मनात आले. आबाजींनी सही नाकारली, तेव्हा "आजवरचे हिशेब काढू, तक्रार करू, आत टाकू" अशी भाषा सुरू झाली. सूनबाईंनी सांगितले की तेव्हापासून ते हरिपाठाला जात नाहीत, भाकरी अर्धी ठेवून उठतात आणि रात्री अंगणात येरझारा घालतात.

अशी भीती घेऊन येणारे अनेक जण मी पाहिले आहेत. देवस्थान असो, वाचनालय असो की भजनी मंडळ, एखाद्या उत्साही मास्तरांनी धावपळ करून नोंदणी केलेली असते, सह्या करणाऱ्यांना आपण विश्वस्त झालो म्हणजे नेमके काय झालो हे कोणी सांगितलेले नसते, आणि वीस-तीस वर्षांनी तो कागद म्हातारपणी दारात येऊन उभा राहतो.

आबाजींच्या वायरच्या पिशवीत लाल कापडी बांधणीची एक वही होती. प्रत्येक गुढीपाडव्याला नवे पान, वर जमिनीच्या मक्त्याची रक्कम, खाली दिवाबत्तीचे तेल, काल्याचा खर्च, कळसाच्या रंगाचा खर्च, आणि शेवटी शिल्लक. मी पाने उलटत गेले. एका पानावर आकडे नव्हते, तेथे एवढेच लिहिले होते, "घरी आजारपण, या साली लिहिणे झाले नाही." पैसे खाणारा माणूस असे वाक्य लिहीत नाही, असे माझे मत झाले, पण समुपदेशकाचे मत हा पुरावा नव्हे, म्हणून ते मी मनातच ठेवले.

त्यांना आधी जेलच्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार विश्वस्त वारला किंवा बदलला तर तो बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. तो कळवला नाही ही कसूर आहेच आणि तिला दंड आहे. पण देवाचे पैसे स्वतःच्या घरात घालणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि गावात या दोहोंची गल्लत करून माणसाला भेदरवले जाते. उशिराचे सबळ कारण दाखवले तर विलंब माफ होऊ शकतो, त्यासाठी खर्चाची रक्कम भरावी लागू शकते. हे मी तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी सुनेकडे पाहिले आणि पाणी मागितले.

येथे माझ्याकडून एक चूक झाली. त्यांचे ओझे लगेच उतरावे म्हणून मी म्हणाले, "आबाजी, तुम्ही सरळ राजीनामा देऊन टाका." शेजारच्या टेबलावरील वकील बाईंनी हळूच विचारले, "राजीनामा देणार कोणाकडे? घेणारे सहाही पंच वारले आहेत." त्यांचे खरे होते. एकटा उरलेला विश्वस्त असा बाजूला झाला तर देवस्थानाला वाली उरत नाही, आणि जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांना तेच हवे असते.

मग काम दुसऱ्या क्रमाने सुरू झाले. प्रथम धर्मादाय कार्यालयातून नोंदवहीच्या उताऱ्याची, म्हणजे परिशिष्ट 1 ची, प्रमाणित प्रत काढली, कारण नवे विश्वस्त कसे निवडायचे याची पद्धत त्यातच लिहिलेली असते. येथे ती ग्रामस्थांच्या सभेतून होती. मृत्यूचे दाखले जमवण्यात सर्वाधिक वेळ गेला. चार नोंदी ग्रामपंचायतीच्या जुन्या वहीत सापडल्या, दोन पंचांचा मृत्यू नोंदवलेलाच नव्हता. वर्षाहून जुनी नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नसल्याने त्यांच्या मुलांना तो अर्ज करावा लागला. त्यानंतर लेखी नोटीस देऊन सभा बोलावली, इतिवृत्त लिहिले, नव्या पंचांची संमतिपत्रे घेतली आणि बदल अर्ज विलंब माफीच्या अर्जासह दाखल केला. सभाच उधळली गेली असती, तर हितसंबंधित व्यक्ती म्हणून कलम 47 खाली धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त नेमण्याची मागणी करता आली असती. तशी वेळ आली नाही.

जमीन विकू पाहणाऱ्या मंडळींपैकी दोघांना आबाजींनी स्वतःच केंद्रात आणले. कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा दान वैध ठरत नाही आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देतानाही ती परवानगी लागते, हे त्यांच्यासमोर वाचून दाखवले. आबाजींनी सही केली असती तरी खरेदीदाराच्या हाती पक्के खरेदीखत आले नसते, हे ऐकल्यावर त्यांच्यातील एक जण बराच वेळ गप्प बसला. त्याने विसार घेतला असावा असा मला संशय आला, पण मी विचारले नाही. पुढे तोच सभेला आला आणि पंच म्हणून निवडूनही आला. गावाची रीत अशीच असते.

बदल अर्जावर सुनावणी चालू आहे. मागच्या बाजाराला आबाजी एकटेच आले होते. सून कापूस वेचायला गेली होती. लाल वही परत मिळेल का, असे त्यांनी विचारले. मूळ वही त्यांच्याकडेच राहील आणि सुनावणीला दाखवण्यापुरती न्यावी लागेल, असे मी सांगितले. त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "मंग पाडव्याचं पान मीच लिहितो. नव्या पोरायचं अक्षर कोनाले वाचता येत नाही."