पावती फाडण्याआधी एक डिसेंबर थांबा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दीड महिन्यापूर्वी मारुती ईकोची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, करून घेतलीत. घरात तुम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. पुण्याचा एक कॅम्पिंग क्लब प्रवेशाचे ४,००० आणि वर्षाचे ६,००० मागतोय. मिस्टर म्हणतात भरून टाकू, आणि तुम्हाला कळत नाहीये की हे दहा हजार नक्की कशाचे.

मीही तुमच्यासारखी सोलापूरचीच, जुळे सोलापुरात राहते, बँकेतून निवृत्त झाले आणि गेली सहा वर्षं आम्ही दोघं आमची ट्रॅव्हलर घेऊन फिरतोय. दोन क्लब पाहिले. एक सोडला, एकात अजून आहे. उत्तर आधीच सांगून टाकते: या वर्षी पैसे भरू नका, पण क्लबला तोंडावर नाहीही म्हणू नका. एका मेळाव्याला पाहुणे म्हणून येऊ द्या म्हणावं. पाहुण्याला येऊ देत नसतील तर तिथेच विषय संपला.

तुमच्या मिस्टरांनी परदेशी व्हिडिओ पाहिले असणार, कारण आमच्या ह्यांनीही तेच पाहून माझं डोकं खाल्लं होतं. इंग्लंडमध्ये बरेच कॅम्परवाले क्लबात असतात, हे खरं आहे. पण त्याचं कारण वेगळं. तिथला जुना क्लब १९०१ साली थॉमस हायराम होल्डिंग नावाच्या शिंप्याने सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांसाठी सुरू केला. (शिंप्याने! गणवेश शिवणाऱ्या आपल्या गावाला हे आवडायला हरकत नाही.) पुढे १९६० च्या तिथल्या कायद्यात अशी सोय झाली की मान्यताप्राप्त क्लबने पसंत केलेल्या शेतात जास्तीत जास्त पाच गाड्या उभ्या राहू शकतात, शेतकऱ्याला वेगळा परवाना काढावा लागत नाही, आणि त्या जागा फक्त सदस्यांसाठी. म्हणजे तिथे सदस्यत्व ही फाटकाची किल्ली आहे. ते नसेल तर अशा स्वस्त, शांत जागांवर पाऊल ठेवता येत नाही.

आपल्याकडे असं फाटकच नाही. आपण रात्री थांबतो कुठे? अक्कलकोटला किंवा गाणगापूरला भक्तनिवासाच्या आवारात, तुळजापूरला पार्किंगमध्ये, हायवेला ओळखीच्या धाब्यामागे, नाहीतर कुणाच्या तरी रानात. सगळीकडे मालकाला विचारायचं, जेवण तिथेच घ्यायचं, सकाळी झाडून निघायचं. नळदुर्गजवळच्या ज्या धाब्यावर आम्ही थांबतो, त्या मालकाला क्लबचं कार्ड दाखवलं तर तो म्हणेल, “हे काय, आधार कार्ड हाय का?” राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळात २०२२ मध्ये वागमोनला कॅराव्हॅन पार्कही सुरू झालं. पण अशा कुठल्याही जागेला क्लबचं सदस्यत्व लागत नाही. पैसे दिले की जागा.

आता बँकेतल्या सवयीने हिशेब मांडते. तुमच्या क्लबचे वर्षाला पाच मेळावे, आणि तुम्हीच लिहिलंय की सगळे पुण्याच्या पलीकडे, मुळशी-पवनेकडे. सोलापूर ते पुणे २५० किलोमीटर, पुढे पन्नास धरा. जाऊन-येऊन ६००. सामान भरलेली ईको पेट्रोलवर लिटरला साडेबारा देईल असं धरलं, तर ४८ लिटर. १०४ च्या भावाने एका फेरीला ५,००० रुपये. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे टोल वेगळे. पाचातले तीन मेळावे जमले तरी १५,००० पेट्रोलचे आणि १०,००० फीचे, म्हणजे मेळाव्याला दोन धरून सहा रात्रींना २५,०००. रात्रीला चार हजारांच्या वर गेलं की हो, आणि झोपायचं आपल्याच गाडीत, स्वयंपाक आपलाच! पुण्यातल्या माणसाला फी सोडली तर तोच मेळावा हजार-बाराशेत पडतो. फी सगळ्यांना सारखी असते, अंतर सारखं नसतं, आणि हे क्लबवाले कधी बोलून दाखवत नाहीत.

मग मी अजून एका क्लबात का आहे, असं विचाराल. एका रात्रीमुळे.

तिसऱ्या वर्षीची मे महिन्यातली गोष्ट. बदामीहून परत येत होतो. उन्हाने जीव गेला होता, म्हणून झळकीच्या अलीकडे एका धाब्यावर मुक्काम टाकला. रात्री अकराच्या सुमारास मी इन्व्हर्टरवर इंडक्शन लावून दूध तापवत होते आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पलंगाखाली पाहिलं तर फ्यूजचा होल्डर वितळत होता. ज्याने गाडी करून दिली त्याने इन्व्हर्टरला घरात वापरतात तसली बारीक वायर टाकली होती. नंतर कळलं ते असं: १,००० वॉटचं इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीवरून चालवायचं तर वायरीतून नव्वदच्या आसपास अँपिअर वाहतात. त्याला चांगली जाड, निदान २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते, आणि फ्यूज बॅटरीला अगदी खेटून लागतो. तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ह्यांनी क्लबच्या ग्रुपवर फोटो टाकला. चार मिनिटांत नाशिकच्या एका सदस्याचा फोन. “काकू, आधी बॅटरीचा मेन स्विच बंद करा. पाणी टाकू नका. वायरीला हात लावू नका. गॅसचा सिलिंडर बाहेर काढून लांब ठेवा.” तो दहा मिनिटं फोनवर राहिला. तोवर विजापूरच्या दुसऱ्या सदस्याने आपल्या मावसभावाला उठवलं. तो ऑटो इलेक्ट्रिशियन पहाटे मोटारसायकलवर आला, इन्व्हर्टरची लाइनच काढून टाकली, पंखा आणि दिवे चालू करून दिले, आठशे रुपये घेतले आणि आमच्याच हातचा चहा पिऊन गेला.

त्या रात्रीनंतर मी फीचा हिशेब करायचं सोडलं. पण नीट बघा, मला कामाला आले ते मेळावे नव्हते, तंबूपुढची शेकोटी नव्हती, क्लबचा टी-शर्ट तर नव्हताच. म्हणून क्लब पारखताना सहलीचे फोटो बघू नका. त्यांच्या एखाद्या सदस्याला विचारा, की तुमची गाडी मध्यरात्री बंद पडली होती तेव्हा कोण आलं? लगेच नाव घेऊन किस्सा सांगितला तर क्लब चांगला. “अहो, आपला ग्रुप खूप ॲक्टिव्ह आहे” असं उत्तर आलं तर समजून जा. ॲक्टिव्ह म्हणजे सकाळी गुलाबाचे फोटो.

आणि हो, तुमच्या ईकोचा पलंग आजच्या आज उचलून वायर बघा. क्लब नंतर.

सोडलेल्या क्लबचं नाव सांगणार नाही. एका धरणाच्या पाणलोटाजवळ एका शेतकऱ्याच्या रानात आम्ही बावीस गाड्या घेऊन गेलो होतो. रात्री दीडपर्यंत स्पीकर. सकाळी चालायला गेले तर आमच्यातलेच दोघं पोर्टेबल टॉयलेटची टाकी ओढ्यात रिकामी करत होते. शेतकऱ्याची बायको बांधावर उभी होती. भांडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, ह्या पाण्याला आमची जनावरं येतात.” मला मान वर करता आली नाही. त्या क्लबच्या बैठकीत मी विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले, ते बायोडिग्रेडेबल असतं. पुढच्या वर्षी त्या रानाला साखळी लागलेली होती आणि मी पैसे भरले नव्हते.

पाहुणे म्हणून जाल तेव्हा हे आवर्जून विचारा: टाकी कुठे रिकामी करता? योग्य उत्तर एकच, संडासात. घरच्या, पंपावरच्या किंवा सुलभमध्ये, विचारून, पैसे देऊन. शेतघराचा सेप्टिक टँक असेल तर टाकीत फॉर्मॅल्डिहाइडवालं निळं औषध वापरलेलं नसावं, कारण ते सेप्टिक टँकमधले काम करणारे जिवाणूच मारतं. सासूबाई बरोबर असणार म्हणजे हा प्रश्न तुम्हाला रोजचा आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री रानात लांब चालायला लावणाऱ्या मेळाव्याला कितीही सुंदर धबधबा असला तरी काय उपयोग! आणि बायका किती येतात तेही पाहा. पुरुषच पुरुष असले की संडासाची सोय कुणाच्या डोक्यातच नसते, हा माझा अनुभव.

पैशांचं थोडक्यात. क्लब नोंदणीकृत आहे का? महाराष्ट्रात अशा संस्था साधारण १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवतात, म्हणजे धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावा लागतो. पावतीवर नोंदणी क्रमांक बघा. फी एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मागत असतील तर मी बत्तीस वर्षं ज्या खुर्चीत बसले तिथून सांगते, नका पाठवू. अध्यक्षांचंच सोलर पॅनल आणि गाडीला लावायच्या कापडी छताचं दुकान असेल तर तो क्लब नाही, ते गिऱ्हाईक गोळा करणं आहे.

कागदपत्रांबद्दल मिस्टर म्हणतात की क्लबमध्ये गेलं की आरटीओचं काम होतं. असं कुणी सांगत असेल तर सावध. सीटं काढून पलंग, कपाटं बोल्टने बसवली असतील तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला बदल होतो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. खाजगी वापराची कॅम्परव्हॅन हा प्रकार सरकारी यादीत आहे, पण तुमच्या आरसी बुकात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. आरटीओत स्वतः जा, आरसी दाखवून विचारा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर अपघात झाल्यावर त्यांना क्लेम नाकारायला आयतं निमित्त. पलंग आणि शेगडी सुटी, उचलून बाहेर काढता येण्यासारखी असेल तर डोकेदुखी पुष्कळ कमी. यात अनुभवी सदस्याचा सल्ला कामाला येतो, ‘सेटिंग’ नाही.

आता मिस्टरांची बाजूही घेते थोडी. त्यांना क्लब कशासाठी हवाय ते मला माहीत आहे: दुसऱ्यांच्या गाड्या आतून बघायच्यात. बघू द्या. एका मेळाव्यात वीस गाड्यांची कपाटं उघडून बघितली की आपल्या गाडीत काय चुकलंय ते कळतं आणि पुढच्या चुकांचे पैसे वाचतात. लेकीलाही पोरं भेटतात. एकुलत्या एक मुलीला आई-बाप आणि आजीबरोबर तीन दिवस गाडीत किती करमणार? आमच्या नातीने तर मेळाव्यातल्या मैत्रिणीचा पत्ता अजून ठेवलाय. ही बाजू हिशेबात धरता येत नाही, पण आहे.

माझा स्वतःचा तोडगा मात्र सोलापुरी आहे. गेल्या तीन वर्षांपासून आम्ही चार गाड्यांची भिशी चालवतो. महिन्याला घरटी पाचशे. त्यातून एक चांगला जॅक घेतला, टायरमध्ये हवा भरायचा पंप घेतला, पाण्याचा लांब पाइप घेतला. ज्याची सहल त्याच्या गाडीत सामान. अध्यक्ष नाही, टी-शर्ट नाही. एप्रिल-मे गाड्या बंद. आपल्या उन्हात पत्र्याच्या डब्यात झोपणं म्हणजे स्वतःला पापडासारखं वाळवणं. आषाढीला पंढरपूरच्या वाटेला जायचं नाही, तो रस्ता वारकऱ्यांचा. पाऊस सरला की अक्कलकोट, नळदुर्ग, विजापूर. नान्नजला माळढोकाच्या माळावर पहाटे जाऊन येतो, मुक्काम तिथे करायचा नसतो. माळढोक आम्हाला अजून दिसलेला नाही, काळवीट मात्र भरपूर. आणि डिसेंबर-जानेवारीत हुरडा. शेतकरी जागा देतो, पाणी देतो, माणशी हुरड्याचे पैसे घेतो. तुम्ही कॅम्पिंग म्हणा, आमच्या सासूबाई रानात जाणं म्हणायच्या.

तेव्हा असं करा. पुण्याच्या क्लबला पाहुणे म्हणून एकदा जाऊन या, येताना मिस्टरांना गाड्यांचे फोटो पोटभर काढू द्या. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चारही गाड्या मंगळवेढ्याकडे मालदांडी ज्वारीच्या हुरड्याला जाणार आहोत, तिथेही या. दोन्ही बघितलं की जानेवारीत तुम्हीच ठरवाल. शेतावर संडास आहे, कमोडचा आहे, सासूबाईंना खुशाल आणा. शेंगाचटणी मी आणते, दही तुम्ही आणा. पाण्याचा कॅन रिकामाच आणा, तिथल्या विहिरीचं पाणी गोड आहे.