निर्वाणा-पर्ल जॅमवर वाढलेल्या माणसाने आजचं इंडी रॉक ऐकावं का?

तुम्ही विचारलंय की नव्वदच्या दशकातल्या रॉकवर वाढलेल्या माणसाने गेल्या दोन-तीन वर्षांतली इंडी (मोठ्या कंपन्यांच्या साच्याबाहेरची) आणि अल्टरनेटिव्ह गाणी ऐकावीत का, कारण तुम्हाला हे नवे गायक गातच नाहीत, नुसते पुटपुटतात असं वाटतं.

जरूर ऐकावीत. पण ऐकताना कान दुसरीकडे लावावा लागतो. मी कॉलेजात असताना पुण्यात मैत्रिणीच्या भावाकडून कॅसेटी आणून ऐकायचे. तेव्हा गाण्याचा कळस गिटारवर यायचा. तो तुकडा आला की आम्ही बोलणं थांबवायचो, संपला की टेप मागे घ्यायचो. आजच्या चांगल्या गाण्यांत तो कळस गळ्यात येतो. एखादा श्वास, अडखळलेला शब्द, फाटलेला सूर. गिटार असते, पण पेटीच्या साथीसारखी आवाजाच्या मागून चालते. हे लक्षात यायला मलाही दोनेक वर्षं लागली, म्हणून तुमची तक्रार मला परकी वाटत नाही.

सुरुवात 'स्टारबर्स्टर'पासून करा. फॉन्टेन्स डी.सी. हे डब्लिनच्या पाच जणांचं बँड, आणि हे गाणं एप्रिल २०२४चं. गायक ग्रीअन चॅटन याला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात पॅनिक अटॅक आला होता, त्यातून ते जन्मलं. कडव्यांमध्ये तो जवळजवळ बोलतच जातो, शब्दावर शब्द, थांबायला जागा नाही. आणि ध्रुवपदात ओळ संपली की तो मोठ्याने श्वास आत ओढतो. पाण्यातून डोकं वर काढल्यावर माणूस ओढतो तसा. मी लहानपणी सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले. बाईंचा पहिला नियम होता, श्वास ऐकू येता कामा नये. तो कुठे घेतलास हे समोरच्याला कळलं तर तान फुकट गेली. त्या नियमात वाढलेल्या माझ्या कानाला हा श्वास पहिल्यांदा चूक वाटला. मग कळलं की तो नेमका तालावर बसवलाय. तिथे शब्द नाही, सूर नाही, तरी गाण्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच. मध्येच सगळं शांत होतं, आवाज मऊ होतो, आणि वाटतं सुटलो. तेवढ्यात ती ओढ परत येते. ज्याला कधी गर्दीत छाती आवळल्यासारखं झालंय त्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही.

ते ज्या अल्बमवर आहे त्या 'रोमान्स'वर (ऑगस्ट २०२४) जुने चाहते नाराज झाले. आधीचे तीन अल्बम निर्माता म्हणून डॅन केरीने केले होते, हा जेम्स फोर्डने केला. आवाज मोठा आणि गुळगुळीत झाला, व्हायोलिनं आली. मीही पहिल्या आठवड्यात नाक मुरडलं. ते मत मी मागे घेतलंय. शेवटचं 'फेव्हरिट' इतकं उघडं आणि प्रेमळ आहे की त्यावर रागावून राहता येत नाही.

अर्थात या लोकांचं माझं सगळ्यात लाडकं गाणं जुनं आहे, २०२२च्या 'स्किंटी फिया' अल्बमचं पहिलं. त्याचं नावच आयरिश भाषेत आहे, अर्थ 'आमच्या हृदयात कायमच्या'. इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत एका आयरिश कुटुंबाला हे शब्द आईच्या थडग्यावर कोरायचे होते. चर्चच्या न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं की सोबत इंग्रजी भाषांतर हवं, नाहीतर लोकांना ती राजकीय घोषणा वाटेल. कुटुंबाने अपील केलं आणि २०२१मध्ये ते जिंकलं. गाण्यात हे सगळं सांगत बसलेले नाहीत. तेच शब्द मागून पुन्हा पुन्हा येत राहतात, आरतीला मागून सगळे सूर मिळवतात तसे, आणि त्यांच्यावर हळूहळू ढोल चढत जातो. आपली भाषा दुसऱ्याला संशयास्पद वाटते, तीही आईच्या थडग्यावर, या विचाराने मला अजून गलबलून येतं. तुम्ही नवीन विचारलंत आणि मी मागे गेले, पण हे सोडून पुढे जाववलं नाही.

आता गीस. ब्रुकलिनची शाळकरी मित्रांनी काढलेली बँड, आणि सप्टेंबर २०२५मध्ये आलेला 'गेटिंग किल्ड' हा अल्बम. मला विचाराल तर या दशकातली रॉकमधली सगळ्यात जिवंत गोष्ट. त्यांचा गायक कॅमेरॉन विंटरचा आवाज तुम्हाला पहिल्या मिनिटात आवडणार नाही, हे आधीच सांगते. तो स्वराला खालून वर ओढत नेतो, मध्येच सोडून देतो, रडवेला होतो, ओरडतो. पण 'टॅक्सेस' ऐका. अर्धं गाणं नुसता ठेका आणि त्यावर हा घोगरा, अपराधी आवाज. मग अचानक गिटारी उघडतात, आणि पावसाळ्यात घाट चढून वर आल्यावर धुकं फाटून खाली दरी दिसावी तसं होतं. तुमच्या-माझ्या पिढीला हवा असलेला तो गिटारचा कळस इथे आहे, फक्त तो आवाजाने आधी कमावलेला आहे. अल्बम पुरा पचला नाही तरी चालेल. 'ट्रिनिडाड'वरच्या किंकाळ्या मला सकाळी सोसत नाहीत, रात्री सोसतात.

पुटपुटणाऱ्यांपैकी एकाची बाजू मात्र मी घेणार. नॉर्थ कॅरोलायनाचा एम. जे. लेंडरमन. 'मॅनिंग फायरवर्क्स' (सप्टेंबर २०२४) आला तेव्हा तो पंचविशीत होता, आणि 'शीज लीव्हिंग यू'मध्ये तो अशा पुरुषाबद्दल गातो ज्याचा संसार मोडतोय आणि ज्याला त्यावर बोलायला शब्द सापडत नाहीत. असा माणूस खणखणीत गाईल कसा? तो पुटपुटणारच. आपल्या नात्यातले काका आठवा, जे बायको गेल्यावर महिनाभर फक्त पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल बोलत होते. शेवटाकडे गायिका कार्ली हार्ट्झमनचा आवाज त्याला येऊन मिळतो, तेव्हा त्या पुटपुटण्याला पहिल्यांदा सोबत मिळते. तिच्या वेन्सडे या बँडचं 'एल्डरबेरी वाइन'ही (२०२५) लगेच त्यामागे लावा.

आवडत नाही तेही सांगते. ज्यात आवाजावर घुमारा चढवून त्याला झोप आल्यासारखं केलंय, गिटार दूर कुठेतरी टिपटिपतेय, आणि गाणं दोन मिनिटांत संपतं अशी शेकडो गाणी आपोआप वाजणाऱ्या यादीत येतात. तुम्ही जर हीच ऐकली असतील तर तुमचं मत अगदी बरोबर आहे. त्यात कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. वेट लेग या ब्रिटिश बँडबद्दल माझं मन अजून ठरत नाही. २०२१चं 'शेझ लाँग' अप्रतिम, २०२५चा अल्बम चार-पाच वेळा ऐकून कपाटात गेला. आपल्याकडे पाहायचं तर दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' या बँडचा 'बीटा' हा अल्बम (२०२४) घ्या. गायक सूर्यकांत साहनीचा आवाज जुन्या क्लबात गाणाऱ्यासारखा संथ आहे, आणि त्यात खरीखुरी ऊब आहे.

एक शेवटचं, बिग थीफ या अमेरिकन बँडचं 'इनकॉम्प्रिहेन्सिबल' (२०२५). त्यांची गायिका एड्रिअन लेंकर गाडीतून लांबच्या प्रवासाला निघालीय, दोन दिवसांनी तेहतीस वर्षांची होणार आहे, आणि म्हातारं होण्याची भीती घालणाऱ्या जगाला ती आई, आजी, पणजी यांच्या सुरकुत्या दाखवते, सुंदर म्हणून. तिचा आवाज पातळ आहे, कापतो, आणि तो कंप तिने कुठेही झाकलेला नाही. मागच्या दिवाळीत आईच्या केसांना तेल लावताना हे वाजत होतं. आईने विचारलं, काय म्हणतेय गं ही? मी मराठीत सांगितलं. ती काही बोलली नाही. गाणं संपल्यावर म्हणाली, पुन्हा लाव.

फोनच्या स्पीकरवर नका ऐकू, साधे का होईना हेडफोन घाला, नाहीतर 'स्टारबर्स्टर'मधला तो श्वास नुसती खरखर वाटेल. आणि 'टॅक्सेस'बद्दल इथेच खाली लिहा. माझ्या ओळखीत ते निम्म्यांना असह्य होतं आणि निम्मे दिवसभर तेच लावून बसतात. तुम्ही कुठल्या बाजूचे निघता ते मला खरंच जाणून घ्यायचंय.